चोखणी कोणासाठी?

तान्ह्या बाळाच्या तोंडात द्यायच्या एका रबरी वस्तूवर मराठीच्या अध्यापकांनी लेख लिहावा, हे वरकरणी विचित्र वाटेल. तो विषय बालरोगतज्ज्ञांचा, फार तर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा. पण या वस्तूविषयी जे बोलले जाते ते लक्ष देऊन ऐकले, तर त्यात वस्तूविषयी थोडे आणि आईविषयी फार असते, असे आम्हांला वारंवार जाणवले आहे. 'बाळाच्या तोंडात बूच मारून ठेवते', 'हिला मूल घ्यायचा कंटाळा', 'आमच्या वेळी नव्हती असली थेरं' ही वाक्ये आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकली आहेत. दुसऱ्या बाजूला, पूर्वी ज्या बाळंतविड्यात अंगडी-टोपडी येत, त्यात आता चकचकीत खोक्यातून दोन-तीन रंगीत चोखण्याही येतात आणि त्यांच्यावाचून बाळाचे कसे चालणार, असा प्रश्न ते खोकेच विचारते. एकीकडे निंदा, दुसरीकडे विक्री. या दोहोंच्या मध्ये कोणीतरी शांतपणे बोलायला हवे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. चोखणी हे पापही नव्हे आणि पुण्यही नव्हे. योग्य वेळी, योग्य रीतीने दिली तर तिच्यापासून अपाय होण्याची भीती थोडी आहे, आणि काही लाभही आहेत. खरा प्रश्न निराळा आहे. ती बाळाला चोखायचे आहे म्हणून दिली जाते, की आपल्याला शांतता हवी आहे म्हणून? आणि दुसरे कारण खरे असेल, तर त्याचा जाब एकट्या आईला विचारणे न्याय्य आहे काय?

प्रथम शब्दांकडे पाहू, कारण या प्रश्नाचे अर्धे उत्तर शब्दांतच दडलेले आहे. अमेरिकन इंग्रजीत या वस्तूला 'पॅसिफायर' म्हणतात, म्हणजे शांत करणारी. या नावात बाळ काय करते ते नाही. आपल्याला काय हवे आहे ते आहे. ब्रिटिश इंग्रजीतील 'डमी' हा शब्द त्याहून कठोर आहे. खऱ्याच्या जागी ठेवलेली नक्कल, असा त्याचा अर्थ. या नावातच फसवणुकीचा आरोप आहे. १९०० साली न्यूयॉर्कच्या ख्रिश्चन माइनेके यांनी आजच्या चोखणीशी मिळत्याजुळत्या वस्तूच्या रचनेचे पेटंट घेतले तेव्हा तिला 'बेबी कम्फर्टर' म्हटले होते. तेथे निदान बाळाच्या सुखाची आठवण होती. आपला 'चोखणी' हा शब्द मात्र कोणावरही आरोप करीत नाही आणि कोणाला आश्वासनही देत नाही. चोखण्याची वस्तू ती चोखणी. क्रिया बाळाची, गरज बाळाची, नावही बाळाच्या बाजूने. आम्हांला हा शब्द फार शहाणा वाटतो, आणि पुढील विवेचनात तोच आमचा मार्गदर्शक आहे.

वस्तू आपल्याला सर्वस्वी नवी आहे, हा समजही तपासून घ्यावा लागतो. पाळण्यावर चिमणाळे, हातात खुळखुळा आणि तोंडात लाकडी चोखणी हे आपल्याकडचे जुनेच त्रिकूट आहे. दूध पाजण्याचे बोंडले तर भाषेतही रुजले. 'तू काय अजून बोंडल्याने दूध पितोस?' असे आपण भाबड्या माणसाला आजही विचारतो. युरोपात साखर किंवा धान्याचे पीठ चिंधीत बांधून तिची पुरचुंडी बाळाला चोखायला देत. आल्ब्रेख्त ड्यूररने १५०६ मध्ये रंगवलेल्या आणि आज बर्लिनच्या संग्रहालयात असलेल्या मेरी व बाल येशूच्या चित्रात येशूच्या हाती अशीच एक पुरचुंडी दिसते. देवाच्या पुत्रालाही चोखणी लागते, यात त्या चित्रकाराला काही वावगे वाटले नाही. आपल्याकडचा बालमुकुंद तर सर्वांना ठाऊकच आहे. प्रलयाच्या जळावर वटपत्रावर पहुडलेले ते बालक आपल्याच पायाचा अंगठा तोंडात घालून निवांत आहे. सृष्टी बुडालेली, आई जवळ नाही, पाजणारे कोणी नाही. तरी ते रडत नाही. भक्तांनी त्या चित्राचे पुष्कळ अर्थ लावले. आम्हांला त्यात एक साधे निरीक्षणही दिसते: ज्याने कोणी ही प्रतिमा प्रथम कल्पिली, त्याने तान्हे मूल जवळून पाहिले होते.

कारण चोखणे म्हणजे केवळ पिणे नव्हे. गर्भातले मूल अंगठा चोखताना सोनोग्राफीत दिसते. तेव्हा त्याला भूक नसते, नाळेतून सर्व काही मिळत असते. १८७९ मध्ये लिंडनर या हंगेरियन बालरोगतज्ज्ञाने बाळांच्या चोखण्याच्या सवयीवर लिहिले, आणि १९०५ मध्ये फ्रॉइडने त्याचाच आधार घेऊन असे मांडले, की चोखण्याचे सुख अन्नापासून सुरू होते खरे, पण लवकरच ते अन्नावाचूनही हवेसे वाटू लागते. फ्रॉइडचे त्यापुढचे सिद्धान्त कोणाला पटोत वा न पटोत, हे मूळ निरीक्षण टिकले आहे. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या अर्भकांना नळीने दूध देत असताना चोखायला काही दिले, तर त्यांचा रुग्णालयातील मुक्काम कमी होतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. सुई टोचण्याच्या वेळी चोखणाऱ्या बाळाला वेदना कमी जाणवतात, हेही डॉक्टर जाणतात. तेव्हा 'पोट भरले आहे, मग कशाला हवे आहे तोंडात काही?' हा प्रश्न बाळाला विचारण्यात अर्थ नाही. मोठी माणसे तरी पोट भरल्यावर सुपारी का चघळतात?

मग भांडण कशाचे? ते स्तनपानाचे आहे, आणि त्याला सबळ कारण होते. डब्याच्या दुधाच्या कंपन्यांनी गरीब देशांत जो अनर्थ केला, त्याला उत्तर म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये विक्रीची आचारसंहिता आणली. १९८९ मध्ये संघटनेने युनिसेफसह प्रसूतिगृहांसाठी दहा पावले सांगितली, आणि त्यांतील नववे पाऊल स्तनपान करणाऱ्या बाळाला कृत्रिम बोंडी वा चोखणी मुळीच देऊ नये, असे होते. आपल्या देशातही १९९२ मध्ये कायदा झाला आणि बाळाच्या दुधाच्या भुकटीची व बाटल्यांची जाहिरात बंद झाली. हा सारा लढा योग्य होता, आणि बाजाराचा लोभ पाहता आजही तो आवश्यक आहे. पण लढ्यात एक गोष्ट घडते. शत्रूच्या शेजारी उभा असलेला प्रत्येक जण शत्रू वाटू लागतो. चोखणी बाटलीच्या शेजारी उभी होती.

चोखणी घेणारी बाळे अंगावरचे दूध लवकर सोडतात, असे अनेक पाहण्यांत आढळले होते, हे खरे. पण संस्कृतात ज्याला काकतालीय न्याय म्हणतात तो येथे आठवावा. कावळा बसला आणि फांदी मोडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे होत नाही. २००१ मध्ये माँट्रियल येथे २८१ मातांच्या बाबतीत झालेल्या एका प्रयोगात निम्म्या मातांना चोखणी टाळण्याचा सल्ला दिला गेला आणि उरलेल्यांना दिला गेला नाही. तीन महिन्यांनंतर दूध सोडण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. संशोधकांचा निष्कर्ष असा, की चोखणी हे स्तनपान बिघडण्याचे कारण नसून बहुधा ते बिघडत असल्याची खूण आहे. ज्या आईला दूध पाजताना त्रास होतो आहे, जिला कोणी नीट शिकवलेले नाही, तीच चोखणीकडे वळते. आणि पुढे दूध सुटले की दोष मात्र चोखणीवर येतो. पुढे कॉक्रेन समूहाने दोन प्रयोगांतील १३०२ निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळांची माहिती एकत्र तपासली. ज्या मातांची अंगावर पाजण्याची इच्छा दृढ होती, त्यांच्या बाबतीत चार महिन्यांपर्यंत चोखणीने काही फरक पडल्याचे दिसले नाही. २०१८ मध्ये ती दहा पावले सुधारून लिहिली गेली, तेव्हा नवव्या पावलातील 'देऊ नका' जाऊन बाटली, बोंडी आणि चोखणी यांच्या वापराविषयी व धोक्यांविषयी मातांशी बोला, असे तेथे आले. निषेधाची जागा संवादाने घेतली. आमच्या मते हा बदल शब्दांपुरता नाही. पहिल्या वाक्यात आई ही आज्ञा पाळणारी होती. दुसऱ्यात ती समजून घेऊन ठरवणारी आहे.

दरम्यान आणखी एक गोष्ट पुढे आली होती. निरोगी दिसणारे बाळ झोपेत अकस्मात दगावते, अशा मृत्यूंचा अभ्यास करताना असे दिसले, की झोपताना चोखणी घेणाऱ्या बाळांत हे प्रमाण कमी आहे. २००५ पासून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना झोपेच्या वेळी चोखणी देऊन पाहावी, असे सुचवते. हे असे का होते, याविषयी तर्क पुष्कळ आहेत, निर्णय नाही. आणि हा सल्ला एकटा येत नाही, हेही लक्षात ठेवावे. बाळाला पाठीवर निजवावे, बिछाना टणक असावा, उशा आणि गोधड्यांचा पसारा भोवती नसावा, घरात कोणी धूम्रपान करू नये, या गोष्टी आधी, चोखणी त्यानंतर.

आता वापराविषयी. जी वस्तू घराघरांत आहे तिच्याविषयी नुसतीच तत्त्वचर्चा करून तिच्या वापराविषयी मौन पाळणे हे पुस्तकी पांडित्य ठरेल. पहिली गोष्ट, घाई नको. आईचे दूध मागणीवर येते. बाळ जितके ओढते तितके ते तयार होते. म्हणून पहिले तीन ते चार आठवडे, बाळाला अंगावर नीट ओढता येईपर्यंत आणि त्याचे वजन वाढू लागेपर्यंत, चोखणी दूर ठेवावी. नवजात बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पिते. 'आत्ताच तर पाजले होते' हे आपल्या घड्याळाचे म्हणणे झाले. त्याचे पोट लहान असते. बाळ मुठी तोंडाशी नेते, मान वळवून शोधते, ओठ चाळवते, तेव्हा ते भूकच सांगत असते. रडणे ही भुकेची शेवटची हाक आहे, पहिली नव्हे. या हाकेला चोखणीने उत्तर देणे म्हणजे जेवायला बसलेल्या पाहुण्याला नुसता विडा देण्यासारखे आहे. आधी पाजावे, ढेकर काढावी, दुपटे ओले आहे का पाहावे, उकडते आहे की थंडी वाजते आहे ते पाहावे, उचलून खांद्यावर घ्यावे. एवढे झाल्यावरही बाळ चोखण्यासाठी तोंड हलवत असेल, तर चोखणीची वेळ झाली.

दुसरी गोष्ट, बळजबरी नको. चोखणी ओठांना हलकेच लावावी. बाळाने घेतली तर घेतली. जिभेने बाहेर ढकलली तर ते त्याचे उत्तर आहे, आणि ते मान्य करावे. पुष्कळ बाळे ती कधीच घेत नाहीत आणि त्यांचे काही बिघडत नाही. झोपेत तोंडातून पडली तर पुन्हा घालू नये. तिसरी गोष्ट आपल्या घरांसाठी विशेष महत्त्वाची. चोखणी मधात, गुळाच्या पाण्यात किंवा साखरेत बुडवून देऊ नये. जन्मताच मध चाटवण्याची आपली रीत प्रेमाची खरी, पण एक वर्षाच्या आतील बाळाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते, आणि साखरेने पुढे दात किडतात. चौथी गोष्ट, दोरा. चोखणी हरवू नये म्हणून ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात बांधलेली अनेक ठिकाणी दिसते. दृष्ट लागू नये म्हणून घातलेला दोराच गळ्याचा फास होऊ शकतो, हे ध्यानात घेऊन दोरा, फीत, सेफ्टी पिन यांपैकी काहीही चोखणीला जोडून बाळाला निजवू नये. चोखणी एकसंध घडवलेली असावी, तिची चकती बाळाच्या तोंडापेक्षा रुंद आणि हवेसाठी भोके असलेली असावी. बाटलीच्या बोंडीत कापूस कोंबून घरगुती चोखणी करण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. ती सुटून घशात जाऊ शकते. वापरण्यापूर्वी ती उकळावी, रोज धुवावी, चीर पडली किंवा चिकट झाली की टाकून द्यावी.

पाचवी गोष्ट म्हणजे केव्हा थांबावे. सहा महिन्यांनंतर बाळाची चोखण्याची ओढ आपोआप ओसरू लागते, आणि कान फुटण्याचा, कानदुखीचा धोका मात्र चोखणीने वाढतो. फिनलंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालकांना चोखणी झोप लागेपर्यंतच द्या, असे समजावून सांगितले, तेव्हा त्या मुलांत कानाचे आजार २९ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा सहा महिन्यांनंतर ती झोपेपुरती ठेवावी, आणि दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान पूर्ण सोडवावी. त्यापुढे पुढच्या दातांत फट पडते, दाढांची बैठक बिघडते. शिवाय दिवसभर तोंडात चोखणी असलेले मूल बोलणार कसे? शब्दांवर ज्यांचे पोट चालते अशा आम्हां लोकांना हा तोटा इतरांहून अधिक टोचतो. 'बाबा', 'काका', 'मामा', 'दादा' हे शब्द ओठ आणि जीभ मोकळी असल्याखेरीज उमटत नाहीत. सोडवताना मात्र कडू लावणे, लाज वाटेल असे चिडवणे, चारचौघांत हसणे हे प्रकार टाळावेत. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ मध्ये असे मांडले, की बाळाने कवटाळलेले पांघरुणाचे टोक किंवा चिंधी ही आई आणि जग यांच्यामधली पायरी असते. त्या वस्तूच्या आधाराने ते आईपासून दूर राहायला शिकते. कित्येक मुलांच्या बाबतीत चोखणीही हेच काम करते. पायरी ओढून काढू नये. मूल चढून गेले की ती मागे राहते.

येथवर आम्ही जे सांगितले ते बाळाविषयी होते. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बाळाला गप्प करण्याची गरज कोणाला आणि कशासाठी पडते?

या प्रश्नाचे सर्वांत भयानक उत्तर मुंबईच्या इतिहासात आहे. गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया पाळीवर जाण्यापूर्वी तान्ह्या मुलांना अफू घातलेली गोळी देत. तिचे नाव होते 'बाळागोळी'. केवढे लडिवाळ नाव! मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी १९२२ मधील अहवालात लिहिले, की औद्योगिक कामगार स्त्रियांच्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते. हे आपल्याच लोकांचे अज्ञान होते, असे म्हणून सुटता येत नाही. प्रगत म्हणवणाऱ्या अमेरिकेत १८४९ पासून मिसेस विन्स्लो यांच्या नावाचे जे 'सांत्वन करणारे' सरबत बाळांसाठी खपत होते, त्यात मॉर्फीन असे. दोन्हीकडे बाळे झोपत. काही पुन्हा उठत नसत.

त्या गिरणी कामगार आईला कोणी निष्ठुर म्हणेल काय? तिच्यापुढे दोनच मार्ग होते: कामावर जाणे किंवा उपाशी राहणे. चाळीतल्या खोलीत मूल सांभाळायला कोणी नव्हते, किंवा होती ती सहा-सात वर्षांची थोरली बहीण. त्या आईला उपदेश करून अफू सुटली नसती. तिला वेळ आणि मजुरी या दोन्ही गोष्टी एकदम मिळायला हव्या होत्या. हे ज्यांनी ओळखले त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी सांगितले, की बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. १९२९ मध्ये तो कायदा झाला. बाळागोळीला खरे उत्तर दुसऱ्या गोळीने नव्हे, तर कायद्याने द्यायला सुरुवात झाली, ही गोष्ट चोखणीवर तावातावाने बोलणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

आज परिस्थिती कितीतरी बदलली आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच मुदत कायम राहिली. पन्नास किंवा अधिक माणसे कामावर असतील तेथे पाळणाघराची तरतूद आहे. सहा महिने निव्वळ आईचे दूध द्या, हा आरोग्य संघटनेचा सल्ला आणि ही रजा यांचा हिशेब आता कागदावर जुळतो. पण कागदावरच. शेतात, बांधकामावर, घरकामाला जाणाऱ्या स्त्रीला ही रजा कोण देणार? आणि फार लांब जायला नको. आमच्याच व्यवसायात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या शेकडो तरुण अध्यापिका आहेत. तास घेतला तर मानधन, नाही घेतला तर नाही, असा तो सरळ व्यवहार. आमच्या परिचयातील एक अध्यापिका बाळ दीड महिन्याचे असताना वर्गावर परतली. तिची सासू बाळाला सांभाळी, आणि दोन तासांच्या मध्ये चोखणी देऊन वेळ मारून नेई. अध्यापक कक्षात त्या चोखणीवर चर्चा झाली, दातांवर झाली, आजकालच्या मुलींवर झाली. दीड महिन्याच्या बाळाची आई वर्गावर का आहे, यावर झाली नाही.

आपल्याकडे आईविषयी बोलताना हिरकणीची कथा सांगण्याची रीत आहे. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे बाळ एकटे, म्हणून ती गवळण रायगडाचा कडा उतरून गेली. कथा विलक्षण आहे, आणि तिच्या नावाचा बुरूज आजही आहे. पण आपण त्या कथेतून आईचे धाडस तेवढे उचलले आणि ते प्रत्येक आईसाठी कर्तव्य करून टाकले. कडा उतरते ती आई, उतरत नाही ती कमअस्सल! वास्तविक त्याच कथेत दुसरा प्रश्नही आहे: आईच्या वाटेवरचा दरवाजा तिच्यासाठी उघडा कसा राहील? एसटी स्थानकांवर आणि काही कचेऱ्यांतून स्तनपानासाठी जे हिरकणी कक्ष उभे राहिले, त्यांनी आमच्या मते ही कथा अधिक नीट वाचली आहे. कडा न उतरताही बाळाला पाजता यावे, एवढाच त्यांचा अर्थ. ते स्वच्छ असावेत, उघडे असावेत आणि कुलूप लावून त्यांची कोठी होऊ नये, एवढे मात्र आपण पाहिले पाहिजे.

चोखणीच्या विरोधकांचा एक आक्षेप आम्हांला पूर्णपणे मान्य आहे. बाळाचे रडणे ही त्याची भाषा आहे, आणि ती ऐकण्यापूर्वीच तोंड बंद करणे हे असंस्कृतपणाचे आहे. तोंडात बोळा कोंबणे हा वाक्प्रचार आपण मोठ्यांच्या बाबतीत अन्याय म्हणून वापरतो. तो बाळाच्या बाबतीतही अन्यायच आहे. पाहुणे आले, बैठक चालू आहे, मालिका लागली आहे, म्हणून भुकेल्या किंवा घाबरलेल्या बाळाच्या तोंडात चोखणी देणे हे त्यात येते. पण ऐकणारा एकच कान असला तर तो थकणारच. पूर्वीच्या घरांत बाळाला मांडीवर घेऊन थोपटणारी आजी होती, पाळण्याची दोरी ओढणारी आत्या होती, कडेवर घेऊन अंगणात फिरवणारा थोरला भाऊ होता. त्या घरांचे गोडवे आम्ही गाणार नाही. त्या घरांत आईला स्वतःचे बाळ घेण्याचीही मोकळीक कित्येकदा नसे. तरी हात होते. आज ते हात नाहीत, आणि जे एक जोडी हात घरात हमखास आहेत, ते बाळाच्या बापाचे, त्यांची चर्चा मात्र कोणीच करीत नाही. 'आईने चोखणी का दिली?' असे विचारणारा समाज 'बापाने बाळ का घेतले नाही?' असे विचारीत नाही.

म्हणून आमचे मत असे. चोखणी घरात असू द्यावी. तिच्याविषयी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. ती देण्यापूर्वी बाळाला पाजले आहे का, उचलले आहे का, एवढे ज्याच्या हाती बाळ आहे त्याने स्वतःला विचारावे. आणि घरातल्या ज्याला तिचा राग येतो, त्याने ती आईच्या हातून काढून घेण्यापूर्वी बाळ आपल्या हाती घ्यावे. तेवढे केल्यावर त्याला बोलण्याचा अधिकार आहे. बहुधा तोवर बाळ झोपलेले असेल आणि बोलण्याची गरजही उरणार नाही.